पहिलं घर उघडत नाही

अध्यक्षमहाराज, बाईंचे यजमान अप्पा, आणि शाळेच्या या पडवीत दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

मला बोलायला उभं करू नका, असं मी सकाळपासून सांगत होतो. बोलता येत नाही म्हणून नव्हे. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गाड्या थांबवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, ओरडायची सवय आहे मला. पण बाईंच्या फोटोसमोर उभं राहून ओरडता येत नाही आणि हळू बोलायची मला सवय नाही. तेव्हा मध्येच थांबलो तर सांभाळून घ्या.

माझ्या आधी चार-पाच जण बोलले. सगळे चांगलं बोलले. बाई प्रेमळ होत्या, बाई मुलांना गोड गोड गोष्टी सांगायच्या. गोड हा शब्द इतक्या वेळा आला की मला संशय यायला लागला. हसू नका. गोव्याकडून टेम्पो यायचा, वर बांगड्याच्या टोपल्या रचलेल्या आणि ड्रायव्हर मी न विचारताच सांगायचा, "साहेब, फक्त मासळी आहे हो, फक्त मासळी." असं कोणी म्हटलं की मी खालची टोपली आधी काढायचो.

आज मी तेच करणार आहे.

सुमतीबाई गोड गोष्टी सांगत नव्हत्या. एकही नाही. मी ऐकल्यात त्यांच्या काण्या. काणी म्हणजे गोष्ट, हे इथं सांगायला नको, पण मुंबईहून आलेली मंडळी बसलीयत म्हणून सांगतो. बाईंच्या काणीत सावत्र आई पोरीला विहिरीत ढकलायची. भाऊ भावाचे डोळे काढायचा. राकसीण माणसं खायची. आणि ऐकायला कोण? देवळाच्या धर्मशाळेत भरणाऱ्या बालवाडीतली, नाक पुसता न येणारी पोरं!

आपला जिल्हा वेगळा झाला, त्या सुमाराची गोष्ट. गावातल्या आया तक्रार करायला लागल्या. कुणाचा मुलगा अंथरुणात दचकून उठतो. कुणाची मुलगी आई बाजारातून आली की दारातच विचारते, "आदी तुझो हात दाखव बगू." एक बाई माझ्या घरी येऊन रडली. म्हणाली, "पोटचा पोर माका हात दाखव म्हणता. मी काय राकसीण आसंय?"

सगळ्यांत जास्त आवाज होता आपल्या काजूवाल्या शेठचा. मी त्यांना शेठच म्हणतो, नाव घेत नाही. तुम्हांला माहीत आहे. त्यांच्या भावाची मुलगी, मंगल, बालवाडीत जायची. तिची आई वारलेली, वडील मुंबईला गोदीत कामाला, म्हणून मुलगी काका-काकूकडे. शेठ म्हणाले, "कोवळी मनं ती. त्यांच्यावर काय परिणाम होईल? मुलांना संस्काराच्या गोष्टी सांगाव्यात." आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं, की देवळात बैठक घ्यायची, बाईंना बोलवायचं, आणि नाक्यावरच्या या माणसानं चौकशी करायची. कारण गावात माझ्याइतका संशयी दुसरा कोणी नाही.

मी खरोखरच संशयानं गेलो. का जाऊ नये? माझी स्वतःची धाकटी मुलगी तिथं बसत होती. एखादी बाई मुलांना घाबरवून गप्प बसवत असेल, तर ते मला कळायला नको?

बैठक दुपारची होती. चैत्र संपत आलेला, सभामंडपात वारा नाही. पोरं पुढं, मोठी माणसं मागं. मी म्हटलं, "बाई, कुठली गोष्ट सांगता तुम्ही? आम्हांला ऐकवा." त्यांनी पदर खोचला आणि सांगायला लागल्या. जशी मुलांना सांगायच्या तशीच.

एक आई, दोन मुली. आई नदीवर धुणं घेऊन गेली. तिथं राकसणीनं तिला खाल्लं, तिचं लुगडं नेसली, तिचा आवाज काढला आणि तिन्हीसांजेला दारात आली. "चेडवांनू, दार उघडा गो. मी इलंय." थोरली म्हणाली, "आदी हात दाखव." खिडकीतून हात आला, खरखरीत. राकसीण म्हणाली, "धुणां धुवन धुवन असो झालो." थोरलीला पटलं नाही. पण धाकटीला आईची आठवण येत होती. तिनं कडी काढली.

इथं बाई थांबल्या. 

मग अंधारात कुडुम कुडुम आवाज. थोरली विचारते, "काय खातंस गो आये?" "काजी भाजलंय, त्यो खातंय." "माका दी एक." आणि अंधारातून तिच्या हातावर आली ती धाकटीची करंगळी.

मागच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. शेठ उठून उभे राहिले, "बघा, बघा! हे सांगतात मुलांना!" पण मी कोणाकडे बघत होतो? मी पोरांकडे बघत होतो. पोरं घाबरली नव्हती. पोरं पुढं सरकली होती. थोरली काय करते ते त्यांना माहीत होतं आणि ते सांगायला ती उतावीळ झाली होती. सगळी एका सुरात ओरडली, "आये, अळणी लागता गो! शेजारणीकडसून मीठ घेवन येतंय!" थोरली मीठ आणायच्या निमित्तानं बाहेर पडते, बाहेरून कडी घालते आणि बोंब मारते. गाव जमतं. राकसीण मरते. गोष्ट संपली.

घाबरली होती ती आपण मोठी माणसं. पोरं नव्हे.

एक पोर सोडून. मंगल ओरडली नाही. ती बाईंकडे बघतही नव्हती. ती मागे वळून काकूकडे बघत होती. माल जिथं लपवलेला असतो ना, त्या जागेवर ड्रायव्हरची नजर जाऊन येते, तशी ती नजर होती. आणि त्या उकाड्यात, सगळी पोरं उघडी-वाघडी बसलेली असताना, या मुलीच्या अंगात मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं.

बैठकीनं ठरवलं, की बाईंनी असल्या काण्या बंद कराव्यात. बाई म्हणाल्या, "बरां." एवढंच. बाहेर पडल्यावर मी त्यांना गाठलं. म्हटलं, "बाई, त्या मंगलच्या बाह्या..."

त्या चालता चालता थांबल्या. "तुमी पण बगितलास?"

त्याच संध्याकाळी मी शेठच्या घरी गेलो. काहीतरी निमित्त काढून. माझं स्वागत झालं, कोकमाचं सरबत आलं. मंगलला बाहेर आणलं. केसांत अबोलीचा वळेसार, तोंडाला पावडर. मी विचारलं, "काय गो, बरी आसस?" पोरीनं माझ्याकडे न बघता पाठ केलेलं म्हणून दाखवलं, "काका-काकू माका खूप माया करतत." पाच-सहा वर्षांचं पोर असं बोलत नाही हो. कागदपत्रं खोटी असतात तेव्हाच माणूस इतकं न अडखळता बोलतो. पण दुसऱ्याच्या घरात शिरून त्याच्या पोरीची बाही मी कशी वर करणार? सरबत पिऊन परत आलो आणि बाईंना जसंच्या तसं सांगितलं.

 दुसऱ्या दिवशी बाईंनी बालवाडीत तीच काणी पुन्हा सांगितली. बंदी असताना. माझ्या मुलीनं घरी येऊन मला ऐकवली आणि ऐकता ऐकता माझे कान टवकारले. कारण काणी लांबली होती. आता थोरली बोंब मारते तेव्हा गाव जमत नाही. ती पहिल्या घराशी जाते, आतून आवाज येतो, "तुमच्या घरातली गजाल, आमका काय?" आणि कडी लागते. ती दुसऱ्या घराशी जाते. तिथं दिवा विझवतात. मग बाई पोरांना विचारायच्या, "मगे तिणा काय केल्यान?" आणि पोरं ओरडायची, "तिसऱ्या घराक गेली!"

मी बाईंना जाऊन विचारलं. सरळ विचारलं. "बाई, हे तुम्ही नवीन घातलंत. मंगलसाठी घातलंत."

त्या तांदूळ निवडत होत्या. सुपावरून मान वर न करता म्हणाल्या, "काणी पयल्यापासून अशीच आसा, भावजीनू. माझ्या आवशीन माका अशीच सांगलेली." आवस म्हणजे आई, हेही मुंबईकरांसाठी.

"मग बैठकीत का नाही सांगितलीत?"

"बैठकीत मोठी माणसां बसलेली. तेंका लाज वाटली असती."

खरं सांगू? माझा त्यावर विश्वास बसला नाही. आजही नाही.

मी आणखी एक विचारलं. "बाई, पोरांना गोड काही सांगवत नाही का तुम्हांला?" तेव्हा मात्र त्यांनी सूप खाली ठेवलं. "गोड सांगलंय तर पोरां निजतत. निजवूक तेंची आवस आसा. आणि जेका आवस नाय, तेना निजान कसा चलात?"

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. मी सुट्टीवर होतो, मागच्या बाजूला माडाला आळं करत होतो. आमच्या पुढच्या दारावर कोणीतरी दोन्ही हातांनी थापा मारायला लागलं. माझ्या बायकोनं दार उघडलं. मंगल. अनवाणी, धापा टाकत. काजूबियांच्या खोलीत तिला कोंडलेलं, कामकऱ्यानं पोतं काढायला दार उघडलं तशी निसटली. म्हणाली, "माका आत घेवा." दुसरं काही नाही. माझ्या बायकोनं तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि बाही वर केली.

तापलेल्या उलथण्याचे डाग होते. जुने, नवे. मागून शेठ आणि त्यांची बायको आली. शेठ हसत होते. "चुलीवर पडली हो परवा. द्या तिला इकडे." माझी बायको उंबरठ्यावर उभी राहिली. तिच्यापुढं मीही जरा टरकून असतो, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. ती म्हणाली, "चुलीवर पडलेल्या चेडवाक चटके एका रांगेत बसतत? चला, देवळात जावया. थंय सगळ्यांका हात दाखवया." शेठचं हसू तिथंच संपलं. मुलगी आमच्याकडे राहिली. मी तार केली, वडील मिळेल त्या एस.टी.नं आले. पोरीचा हात हातात घेऊन तो माणूस आमच्या ओटीवर बसून राहिला, आणि मग तिला घेऊन मुंबईला गेला.

मंडळी, आमचं घर शेठच्या घरापासून तिसरं आहे.

मधली दोन घरं कोणाची ते मी सांगत नाही. ती माणसं आज इथं बसली आहेत. त्यांनी आताच गोड गोष्टींबद्दल भाषणंही केली.

पुढं काय झालं? शेठना कोणी काही विचारलं नाही. घरातली गजाल. बाईंना मात्र सगळ्यांनी विचारलं. पोर कोणी फितवली? कोणी शिकवली? धर्मशाळेला दुरुस्तीच्या नावाखाली कुलूप लागलं. ती दुरुस्ती अजून चालू आहे. बाईंनी बालवाडी स्वतःच्या अंगणात फणसाखाली भरवली. काहींनी मुलं काढून घेतली, काहींनी ठेवली. अप्पा, तुम्ही ते अंगण दर आठवड्याला शेणानं सारवून द्यायचात, मी बघितलंय. बाईंनी शेवटच्या आजारापर्यंत काणी सांगायची सोडली नाही.

माझ्यावर त्यांनी कधी राग धरला नाही. चौकशी करायला मीच गेलो होतो ना? एकदा म्हणाल्या, "भावजीनू, संशय वायट नाय. पण माणसां संशय घेतत तो पोरांचो घेतत. पोर खोटां बोलता, पोर कांगावो करता. कधीतरी मोठ्यांचो घेवन बगा." मी नोकरीत वरिष्ठांकडून पुष्कळ ऐकलं. इतकं कामाचं कोणी सांगितलं नाही.

मंगल काल रात्रीच्या गाडीनं वडिलांबरोबर आली आहे. ती तिथं खांबाजवळ बसली आहे. मोठ्या शाळेत जाते आता. आज सकाळी मी तिला विचारलं, "बाळ, पहिल्या घरानं तोंडावर कडी लावली, तेव्हा तू परत कशी नाही फिरलीस? मी असतो तर तिथंच बसकण मारली असती." ती मुंबईचं शुद्ध बोलते. म्हणाली, "काका, तेव्हा मी घाबरलेच नाही. बाईंनी सांगितलंच होतं ना, पहिलं घर उघडत नाही म्हणून."

आवरतं घेतो. 

आता आपल्याला सांगतील, की दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या. रीत आहे, मोडायची नाही. पण आपल्या गावाच्या स्तब्धतेबद्दल माझं मत चांगलं नाही. आपल्याला ती फार सोपी जाते. तेव्हा एवढीच विनंती करतो. मुलांना उभं करू नका. त्यांना गप्प बसा म्हणू नका. ती बोलतील, ओरडतील, खेळतील, ते तसंच चालू दे. शांत उभं राहायचं ते फक्त आपण. आणि शांत राहून ती काय बोलतात ते ऐकायचं.

बाई, हात जोडतो. उठा, मंडळी.