सहाशेच्या लेन्सचं गिऱ्हाईक

ठेवा ती खाली, सर. तीनशे एमएमची लेन्स म्हणजे गच्चीवरच्या पारव्यांपुरती. तुम्हाला पक्षी काढायचेत ना, मग ही सहाशेची घ्या — हाव, जड हाय, लेकरू काखेत घेतल्यावानी वाटतंय, पण एका पायाच्या स्टँडवर टेकवली की हात न्हाई दुखत. आता सांगा, लांबची लेन्स कशाला घ्यायची? पक्ष्याजवळ जायला? साफ चूक! पक्ष्यापासून लांब ऱ्हायला घ्यायची. शिकवणीत पोरांना तुम्ही केमिस्ट्री शिकवा, हे माझ्याकडून शिका.

भिंतीवरचा फोटो बघायलात ना? ह्याच लेन्सनं काढलाय, गेल्या रविवारी. शृंगी घुबड, आन् पोटाखाली दोन पिल्लं. देविका, आमची बायको, म्हणती, दुकानात घुबड लावल्यावर गिऱ्हाईक येईल का? आले का न्हाई तुम्ही? — कुठं काढला? ते सोडून बोला, सर. गेल्या साली कुणीतरी जागा फोडली, हौशी लोक फ्लॅश घेऊन पार घरट्यापाशी भिडले, मादी अंडी टाकून गेली. घुबडासाठी कुणी रडतंय का? मी रडलो. तवापासून सख्ख्या भावाला जागा सांगितली न्हाई.

किती लांबून काढला? हां, हे विचारा, हे लेन्सचं विचारणं झालं. खाणीच्या ह्या कडेवरून त्या कडेवर. भूकंपानंतर नव्या गावांच्या घरांना खडी काढली त्यातली एक खाण, आता बंद पडलीय — अशा लई खाणी हायेत, त्यानं काय कळतंय! उजेड? उजेड एक नंबर. सकाळचं ऊन थेट तिच्या तोंडावर, आन् आपल्या पाठीमागं कारखान्याची चिमणी. दुपारी मातर जाऊ नका, तापल्या हवेत फोटो लिबलिबीत येतो. स्टँडला जागा? गुरम्माच्या हरभऱ्याचा बांध हाय की, टणक. म्हातारी ओरडती, पण मनानं चांगली. — वजन उचलून लई चालावं लागंल? चालायचं कशाला? औसा सोडलं की चिमणी दिसती, तिथं डावीकडं बैलगाडीची वाट, लिंबाखाली गाडी लावायची, उतरलं की बांध. आरामात! म्हणून म्हणतो, जड असू द्या, हीच घ्या. करू बिल?

काय? न्हाई घ्यायची? — गाडीत हाय? सहाशेचीच? मग मघापासून माझ्याकडून... थांबा. अंतर विचारलं. उजेड विचारला. स्टँड कुठं टेकवला, गाडी कुठवर जाती... अरे देवा! अहो, तुम्ही लेन्स घ्यायला आलेच न्हाई. हसायलात कामून? देविका म्हणती तेच खरं, माझ्या जिभेला हाड न्हाई.

आन् उद्या सगळी बॅच नेणार? बस करून? अहो, त्या पोरांना डॉक्टर व्हायचंय, त्यांना घुबड कशाला दाखवता! सर, पाय धरतो तुमचे. मादी एकदा उडाली की कावळे पिल्लांना जित्ती ठेवणार न्हाईत, पंख फुटायचेत अजून त्यांना. चेष्टा न्हाई करायलो. फोटो पायजे तर हा भिंतीवरचा न्या, फुकट न्या, खाली तुमचं नाव टाकतो.

पोरं न्हाई? एकटेच जाता? आत्ता? — लेकरांची शपथ घ्या, जागा कुणाला सांगणार न्हाई म्हणून. घ्या, घ्या, लाजू नका. झालं. मग मीबी बसतो पुढं. तुमच्यासारखा हौशी माणूस एकटा सोडला तर सरळ खाणीत उतरंल. देविका! शटर ओढ गं! कुठं म्हंजे काय, सरांना लेन्स धरायला शिकवायचंय. चला. आन् आत्ताच सांगून ठेवतो, बांधाच्या पुढं पाय टाकायचा न्हाई, आन् तिथं गेल्यावर तोंडातून एक शब्द काढायचा न्हाई. — मी? मी कशाला बोलतोय! चला, गाडी काढा गपचूप.