उकळलेली पुडी

आई : वाफ येतेय म्हणजे निवलेलं नाही. थांब की जरा.

एल्विया : आई, पुडी कशात टाकलीस?

आई : भांड्यात. पाण्याबरोबर चांगली उकळली.

एल्विया : पुडीसुद्धा?

आई : मग? शहरातून आलीय. किती जणांचे हात लागले असतील!

एल्विया : दवाखान्यातल्या सिस्टरनं गार पाण्यात कालवायला सांगितली होती. जिवंत जंतू होते त्यात. शिजवून मारलेस तू.

आई : जंतू? आणि ते माझ्या नातीला पाजणार होतीस? तळ्याच्या कच्च्या पाण्यातल्या जंतूंनीच तुझा भाऊ नेला. तेव्हापासून या घरात न उकळलेलं काही कुणाच्या पोटात गेलं नाही.

एल्विया : हे चांगले असतात. पाच दिवसांच्या जुलाबांनी इश्चेलच्या आतड्याचं अस्तर विरलंय. ते सावरायला मदत करतात.

आई : विरलेलं कापड मला शिकवू नकोस. चाळीस वर्षं कमरेला माग बांधून विणतेय.

एल्विया : शेवटची पुडी होती! तळ्यावर दुपारचा शोकोमिल वारा सुटलाय, उद्या सकाळपर्यंत एकही होडी पलीकडे पानाहाचेलच्या दवाखान्याकडे जायची नाही. टाळू बघ हिची, केवढी खोल गेलीय.

आई : बघितली. पाय धरून उलटी करते, तळव्यांवर तीन चापट्या मारल्या की टाळू वर येते. माझी आई...

एल्विया : हात लावू नकोस! मारायचंय का तिला?

आई : बरं. नाही लावत. ते मीठ-साखरेचं पाकीट तरी दे. उकळून गार केलेल्या पाण्यातच कालवते, शपथ. चमचा चमचा देते.

एल्विया : ओकेल ती.

आई : ओकली तर पुन्हा देईन. तू अंगावर पाज. पण आधी राग गिळ, रागावलेल्या बाईचं दूध बाधतं.

एल्विया : झालं! आता हसू का?

आई : हास म्हणत नाही, बाई. नुसती गप्प बस.

(दुसऱ्या दिवशी दुपारी. त्याच खोलीत आईची शवपेटी, भोवती मेणबत्त्या. दवाखान्यातली सिस्टर ओडिलिया आली आहे.)

सिस्टर : सकाळी तू पुड्या न्यायला आलीस, तेव्हा तर आई बऱ्या आहेत म्हणालीस.

एल्विया : परत आले तर चुलीपाशी बसलेली. वाटलं, डुलकी लागली. मांडीवर इश्चेल झोपलेली, हातात चमचा तसाच.

सिस्टर : बाळ दे इकडे... टाळू भरून आलीय की! कुणी पाजलं एवढं?

एल्विया : आईनं. काल दुपारपासून पापणी मिटली नाही तिनं. पण सिस्टर, पुडी तिनं उकळून टाकली होती.

सिस्टर : अगं, पुडीनं फार तर जुलाब एखादा दिवस आधी थांबले असते. तेही नक्की नाही. पोर वाचली ती त्या पाण्यानं आणि तुझ्या दुधानं.

एल्विया : मला ठाऊक होतं.

सिस्टर : काय?

एल्विया : सकाळी लंगोट ओला लागला हाताला. दोन दिवसांनी पहिल्यांदा. आईनं विचारलं, "शू केली का गं?" मी शाल उचलली आणि न बोलता होडीकडे गेले.

सिस्टर : पेटीचं झाकण अजून लावलेलं नाही, एल्विया.

एल्विया : आई... केली शू. सकाळी एकदा, आत्ता एकदा. तू पाजलेलं पाणी आहे ते.