देवाघरी जायचं कारण

जेनील : नाही मामा, ते पान मी काढणार नाही. पुस्तक छापायला जाईल ते त्या पानासकट.

ऑर्वल : अगं, आपल्या कुळाचं पुस्तक आहे हे, बारा पिढ्यांचं. ऑगस्टच्या मेळाव्यात दोनशे माणसांच्या हातात पडणार. कोण कसल्या आजाराने गेलं ते त्यात कशाला? आपण नेहमी ‘देवाघरी गेले’ एवढंच लिहितो.

जेनील : तेच तर. खापरपणजोबा हजार मैल हातगाडी ओढत अमेरिकेतल्या यूटा प्रांतात कुठल्या तारखेला पोचले, त्या गाडीत काय काय होतं, सगळं मला तोंडपाठ. आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आजी कशाने गेली, तर ते मला ठाऊकच नाही.

ऑर्वल : पोटाच्या दुखण्याने गेली बिचारी.

जेनील : आतड्याच्या कॅन्सरने. त्रेचाळिसाव्या वर्षी. थोरले मामा सदतिसाव्या, आई एक्केचाळिसाव्या. मृत्यूचे दाखले मागवले मी. तोच आनुवंशिक दोष माझ्यातही उतरलाय. कॅमेऱ्याची नळी घालून बघितलं तेव्हा एक गाठ सापडली. वेळेत काढली, म्हणून आज तुझ्याशी भांडायला बसलेय.

ऑर्वल : देवाची कृपा. पण घरात लग्नाच्या मुली आहेत, जेनील.

जेनील : आईच्या वेळीही हेच म्हणालास ना?

ऑर्वल : म्हणजे?

जेनील : मामीच्या डायऱ्या. पुस्तकासाठी टाइप करायला खोकं तूच दिलंस, उघडूनही न बघता. ‘मार्च शहाऐंशी, डेन्वर. ऑर्वलच्या आतड्यातल्या दोन गाठी काढल्या. दरवर्षी तपासणीला यायला सांगितलंय. लारूला कळता कामा नये, असं त्याचं म्हणणं.’ लारू म्हणजे माझी आई, मामा. तुझी सख्खी बहीण.

(ऑर्वल चष्मा काढून टेबलावर ठेवतो.)

ऑर्वल : तिचं लग्न ठरत होतं. म्हटलं, झाल्यावर सांगू. मग तुझ्या वेळचं बाळंतपण आलं. मग त्यांचं नवं घर. उद्यावर ढकलत गेलो, आणि एक दिवस तिचाच फोन आला, रक्त पडतंय म्हणून.

जेनील : तेरा वर्षं होती तुझ्याकडे. ती गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते.

ऑर्वल : ठाऊक आहे. मला काय बोलायचं ते बोल. पण मेळाव्यात, सगळ्यांदेखत, माझं नाव घेऊ नकोस.

जेनील : तुझंच पहिलं घेणार.

ऑर्वल : एवढा राग आहे?

जेनील : आहे, आणि तो राहणार. पण नाव घेणार ते त्यासाठी नाही. या पानावरची वयं बघ. पन्नाशी कुणी पाहिली नाही. बहात्तर वर्षांचा तू एकटा. वेळेत तपासून घेतलं की माणूस जगतो, हे मेळाव्यातल्या पोरांना मी दुसऱ्या कुणाकडे बोट करून दाखवू?

ऑर्वल : मग त्या पानावर आणखी एक ओळ घाल. ऑर्वलला शहाऐंशीपासून ठाऊक होतं.