वरची दारं

सरस पातळ नव्हता. हे आधी लिहून घ्या साहेब, बाकीचं मग. फळ्या चिकटवायचा तो सरस चांगला होता, आणि तो पातळ होता असं मी चार माणसांत म्हणालो, आणि तेवढ्यावर माझ्या मित्राची कारागिरी गेली.

आता मूळ सांगतो. आमचे आजोबा कोकणातून सुतारकामाला बडोद्याला आले आणि आम्ही बडोद्याचेच झालो. दांडिया बाजारातल्या गल्लीत अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, कारखाना. घरात मराठी, कारखान्यात गुजराती, आणि चिडले की अण्णा दोन्ही वापरायचे. जयंतीभाई माझ्याहून थोडा मोठा, अण्णांच्या हाताखालीच शिकला, दुपारी आमच्याकडेच जेवायचा, आणि आई आमटीत गूळ जास्त घालायची, म्हणायची, जयंतीला आपलं तिखट सोसत नाही.

आमचं काम कपाटाच्या दारांचं. दाराच्या मधलं रुंद पॅनल एका फळीचं होत नाही, एवढं रुंद सागवान कुठून आणणार, तर अरुंद फळ्यांच्या कडा रंध्यानं अशा सरळ करायच्या की दोन फळ्या एकमेकींना लावून उजेडासमोर धरल्या तर मधून रेघ दिसता कामा नये, मग कडांना गरम सरस लावायचा आणि शिकंज्यात आवळून ठेवायचं. सरस शिजवायचा जयंतीभाई. काकवीसारखा ओघळला की म्हणायचा, हां, चालो. आवळायचो दोघं, आणि तिथेच माझी खोड. मनगटात जोर होता आणि तो दाखवायची हौस. जयंतीभाई म्हणायचा, बाळू, बस कर ने, फळ्या आहेत, चोर नाहीत. मी हसून आणखी एक फेरा द्यायचो. सरस मोत्यांसारखा बाहेर यायचा, मला वाटायचं, वा, काय आवळलंय. आत सांध्यात काय उरलं, ते कधी बघितलंच नाही.

अण्णा गेले, त्यानंतर मांजलपूरच्या सबनीस बाईंच्या स्वयंपाकघराचं काम आलं. वरच्या कपाटांची पॅनलं जयंतीभाईनं आवळली, खालच्यांची मी. सरस एकाच भांड्यातला. उन्हाळा आला आणि खालची दारं सांध्यावर उकलली. बाई शाळेत शिकवायच्या, जीभ तशीच. कारखान्यात आल्या, गल्लीतले कारागीर चहा पीत उभे होते, त्यांच्यादेखत म्हणाल्या, बाळूभाई, आता डबे बघायला दार उघडावं लागत नाही हो. सगळे हसले. काय सांगू तुम्हाला, ते हसणं मला झेपलं नाही. तोंडातून निघालं, जयंतीभाईनं सरस पातळ केला असणार. वरची दारं शाबूत कशी, हे कोणी विचारलं नाही. जयंतीभाईनं माझ्याकडे एकदा बघितलं. खोट कुणाच्या हातातली, ते दोघांनाही कळलं होतं. अण्णांच्या मुलाला लोकांत खोटं पाडायचं नाही म्हणून तो गप्प राहिला, हे त्यानं मला फार पुढे सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. सरसात पाणी घालणारा म्हणून त्याला कोणी कामावर घेईना, शेवटी सयाजीगंजात प्लायवूडच्या दुकानात माल उतरवून घ्यायला लागला. आणि मी हात सैल सोडायला शिकलो. कडेला सरसाची बारीक रेघ दिसली की थांबायचं, बस. बाईंची खालची दारं नव्यानं करून दिली, त्यानंतर माझा एक सांधा उघडला नाही. लोक म्हणू लागले, पॅनल करावं तर बाळूभाईनं. घरी आई विचारायची, जयंती का रे येत नाही? मी आमटी भुरकत राहायचो. आई गेली, तरी मी सांगितलं नाही.

मागच्या साली बाईंच्या सुनेनं स्वयंपाकघर बदललं. वरची दारं भंगारात निघाली होती, मी म्हटलं, मला द्या. विश्वकर्मा तेरसला आमच्या गल्लीत हत्यारांची पूजा असते, काम बंद, सगळे कारागीर जमतात. मी सयाजीगंजला गेलो, म्हणालो, जयंतीभाई, चल. तो म्हणाला, शेना माटे? मी म्हणालो, अण्णांच्या रंध्याला फूल वाहायला. तेवढ्यावर आला.

पूजा झाल्यावर मी वरच्या एका दाराचं पॅनल काढून दोन ठोकळ्यांवर आडवं ठेवलं आणि गल्लीतल्या सगळ्यात जाड्या हसमुखला म्हटलं, चढ. तो म्हणाला, तुटलं तर? म्हटलं, तुटायलाच ठेवलंय. चढला, वर गरब्याच्या दोन गिरक्या घेतल्या, काही नाही. मग मीच मोठा हातोडा घेऊन हाणला. कडकन आवाज झाला, सगळे वाकले. सागवान फाटलं होतं, फळीच्या मधोमध, आणि सांधा जसाच्या तसा. अशा शिट्ट्या वाजल्या साहेब, की समोरचा पानवाला धावत आला. वाह बाळूभाई, वाह, असं चाललं.

मघाशी तुम्ही आलात तेव्हा शेगडीपाशी बसून तुम्हाला आवो, बेसो म्हणाला ना, तोच जयंतीभाई. पुन्हा इथेच आहे, सरस त्याचाच, देवाच्या दयेनं हात अजून थरथरत नाही. पण त्या दिवशी तो मागे, खांबाला टेकून उभा होता. मी त्याला हाताला धरून पुढे आणलं. म्हणालो, हे याचं काम आहे. खालची दारं याच भांड्यातल्या सरसानं मी जोडली, जास्त आवळून मी बिघडवली, आणि नाव याचं घेतलं. मग त्याच्याकडे वळलो. म्हणालो, जयंतीभाई, सरस पातळ नव्हता. मला तेव्हाही माहीत होतं. मला माफ कर.