लांबलेली एकादशी

मोताळ्याच्या स्टँडवर आम्ही कीर्तनाला निघालेली मंडळी नांदुऱ्याच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर, अमेरिकेला लेकीकडे निघालेलं एक म्हातारं जोडपं बसलं होतं.

"मुंबईहून विमानाले किती वेळ लागते हो?" म्हातारीनं नवऱ्याला विचारलं.

"सोळा घंटे. तेरा हजार किलोमीटर हाये."

"म्हंजे एकादशी विमानातच सरन."

"कायची सरते! तिथलं घड्याळ मागं असते. उतरलो तरी एकादशीच."

"मंग तिथली बारस लागल्यावरच उपास सोडू."

"अवं, दीड दिवस निऱ्या साबुदाण्यावर?"

"नेम म्हंजे नेम."

"असं? मंग वापसीचं तिकीटबी एकादशीचंच काढतो. येतानी दिवस आखूड होते."

"काढा. कमी पडलेले घंटे मोताळ्यात भरून घीन!"