होळीला जाऊन येते

सिल्वासाच्या बस स्टँडवर नंदुरबारच्या गाडीला रांग लागली होती. चंदाच्या पुढे एक नवरा-बायको बोचकी सांभाळत उभे होते. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये हे तिला कळत होतं, पण कान काही ऐकेनात.

“अहो, खरंच सांगितलं सुपरवायझरला?”

“सांगितलं ना. म्हटलं, साहेब, होळीला जातोय तो परत नाही येणार. नोकरी सोडतोय.”

“बाई गं! असं सांगून कोण सोडतं? सगळे ‘जाऊन येतो’ म्हणतात अन् तिकडंच राहतात.”

“मीपण आजवर तेच केलं. म्हणून तर दर कंपनीत पुन्हा हेल्पर! मशीन चालवता येतं, पण कागद कुठंय?”

“लय ओरडला असंल.”

“मलाही वाटलं, आता शिव्या बसतात. तर म्हणे, बस. चहा मागवला.”

“चहा?”

“अन् हे दोन कागद दिले. एकात मी ऑपरेटर होतो असं लिहिलंय, दुसऱ्यात राजीखुशीनं सोडलं असं. कागदांचे फोटो पाठवले, ते बघून नाशिकच्या कंपनीवाल्यानं ऑपरेटरचीच जागा पक्की केली.”

“इथं माझ्या जिवाला घोर, अन् तुम्ही चहा पीत बसलात!”

“दोन कप.”

बायको खुदकन हसली. चंदानं आपली पिशवी उचलली.

“ताई, जरा वाट द्या, रांगेतून बाहेर पडायचंय.”

“अहो, गाडी लागली की! कुठं निघालात?”

“अथालला, कंपनीत. मीपण ‘होळीला जाऊन येते’ सांगूनच आलेय.”