मार्तंडरावांनी नाकारलेली गाडी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या देवासच्या मराठी मंडळाच्या ज्येष्ठ सभासद सुभद्राताई मोहिते, व्यासपीठावरील आमच्या कारखान्याचे मॅनेजर साहेब, सत्कारमूर्ती मार्तंडराव जगदाळे, सौभाग्यवती माई, आणि चहा संपला तरी जागा न सोडलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, आपणां सर्वांस सविनय नमस्कार.

छत्तीस वर्षे आमच्या कारखान्याचा माल मार्तंडरावांच्या हातून बाहेर गेला. येत्या परवा ते पुण्याला मुलाकडे कायमचे निघणार आहेत. मी शेजारी, म्हणून गौरवाचं काम मंडळाने माझ्याकडे दिलं. या शेजाऱ्याने अकरा वर्षांत त्यांच्याकडे घोटभर चहाही घेतलेला नाही, हे मंडळाला ठाऊक नसावं. असो, ते ओघात येईलच.

माल पाठवायला ट्रान्सपोर्टवाला कसा निवडावा? आपण म्हणू, भाव बघावा, झालं. मार्तंडराव भावाचा कागद घडी करून खिशात घालायचे आणि थेट गाडीपाशी जायचे. टायर बघायचे, ताडपत्री उलगडायला लावायचे, आणि मग ड्रायव्हरला विचारायचे, "भिया, घर कब गए थे? नींद हुई?" एकदा सरदारपूरचे एक मालक मिठाईचा डबा घेऊन आले. चौदा गाड्या आहेत म्हणाले. मार्तंडराव म्हणाले, "अच्छा! ड्रायवरों के नाम बताओ." तिसऱ्या नावावर मालक अडले. "जिसको अपने आदमी का नाम नहीं मालूम, वो मेरा माल क्या सँभालेगा?" डबा आल्या पावली परत गेला. बर्फी केशराची होती, म्हणून आम्ही पुढे बरेच दिवस हळहळलो.

हसा, हसा. हसण्यासारखं माझ्यापाशी एवढंच होतं.

माझा धाकटा भाऊ तुकाराम. त्याची एकच गाडी, स्वतःच चालवायचा. मी शब्द टाकला, मार्तंडरावांनी पारखून घेतलं आणि काम दिलं. दोन वर्षे सुरळीत चाललं. मग एका सोमवारी तो नाशिकहून सलग गाडी हाकत आला आणि लगेच दुसरा माल मागू लागला. मार्तंडराव नाही म्हणाले. मी तावातावाने गेलो. "आपल्या मंडळातला पोरगा, आपला माणूस, आणि त्यालाच नाही?"

"दीपेश, आपला आहे म्हणूनच नाही," ते म्हणाले. "डोळे बघ त्याचे. दोन दिवस झोपू दे. गुरुवारचा माल त्याचाच, माझा शब्द आहे."

मला वाटलं, चारचौघांत माझी पत घालवली. मी पिथमपूरला एका ओळखीच्याला फोन केला आणि त्याच संध्याकाळी तुकारामची गाडी तिकडे भरली. तो म्हणत होता, "दादा, उद्या निघतो ना, अंग मोडून आलंय." मी म्हणालो, "मी शब्द दिलाय तिकडे. निघ." मंगळवारी पहाटे घाट उतरताना त्याचा डोळा लागला. माझा भाऊ गेला.

तेराव्याला लोकांनी विचारलं, एवढ्या घाईने पिथमपूरचा माल कशाला धरला? मी म्हणालो, जगदाळ्यांनी इथे नाही म्हटलं, मग काय करेल बिचारा? त्यांनी का नाही म्हटलं, ते मी गिळलं. तेव्हापासून आमच्या घरातलं कुणी माईंच्या हळदीकुंकवाला गेलं नाही. हे सगळं मार्तंडरावांच्या कानावर होतं. एक वाक्य बोलले असते तर मोकळे झाले असते. अकरा वर्षे ते माझ्यासाठी गप्प राहिले. मार्तंडराव, हात करून मला थांबवू नका. आज नाही.

गेल्या महिन्यात आमच्याकडे माल भरणारा खंडोजी सहज बोलून गेला, "दादा, उस गुरुवार को साहब ने दूसरी गाड़ी लगने ही नहीं दी. मी बोललो, साहब, तुकाराम भिया तो चला गया. तर म्हणाले, जबान दी थी, आजचा दिवस राहू दे त्याचा माल. शाम तक वहीं खड़े रहे." हे ऐकल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

तिसऱ्या रांगेत तुकारामची सीता बसली आहे. ती येत नव्हती, मीच आग्रहाने आणली. सीता, तुला हे घरी सांगायला हवं होतं. पण दोष मी चार लोकांत लावला, तर तो काढायचाही चार लोकांतच. तुझ्या नवऱ्याला यांनी थांबवलं होतं. पाठवला मी.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभेने पोटात घालावं. जे पोटात घालण्यासारखं नाही, त्याची क्षमा मी मागत नाही.

शाल आणि श्रीफळ माझ्या हातून द्यायचं ठरलं होतं. माझे हात त्या योग्यतेचे नाहीत. ताट मी इथे टेबलावर ठेवतो. सीता, ते द्यायला उठायचं की नाही, हे तू ठरव.